विस्कॉन्सिनमधल्या शिकाऱ्यांच्या सभेत एक संध्याकाळ

मार्च संपत आला होता, तरी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनच्या रस्त्यांकडेला बर्फाचे मळकट ढीग तसेच होते. मी ताईकडे गेले होते ती क्रौंच बघायला. तिथे त्याला सँडहिल क्रेन म्हणतात. आपल्याकडे हिवाळ्यात पाणवठ्यावर उतरणाऱ्या कांड्या करकोच्याचा हा भाऊबंद, पण अंगाने थोराड. उभा राहिला की माझ्या छातीला लागेल एवढा. राखाडी पिसं, कपाळावर लाल टिळा. वसंताची चाहूल लागली की दक्षिणेकडून थवेच्या थवे विस्कॉन्सिनला परततात.

ताईच्या शेजारी एक आजोबा राहतात. उभी हयात गाईंच्या धारा काढण्यात गेली. मी कशासाठी आले ते कळल्यावर म्हणाले, "पक्षी सकाळी दाखवतो. पण आदल्या संध्याकाळी आमच्या क्लबची सभा आहे, तिथे ये. यंदा क्रेनवरूनच वाद पेटलाय."

क्लब म्हणजे स्पोर्ट्समेन्स क्लब. स्पोर्ट्समन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेटपटू किंवा कबड्डीपटू येतो. तिकडच्या खेड्यांत त्याचा अर्थ शिकारी आणि मासेमारी करणारा. मॅडिसनहून उत्तरेला बॅराबूच्या दिशेने तासभर गेलो. मक्याची कापलेली शेतं, लाल कोठारं, मग एक कच्चा रस्ता आणि टोकाला पत्र्याची लांब इमारत. मागच्या बाजूला धाड धाड आवाज चालू होते. शाळकरी मुलं ओळीत उभी राहून हवेत उडणाऱ्या नारिंगी चकत्या फोडत होती. प्रत्येकाच्या कानावर संरक्षक, डोळ्यांवर चष्मा आणि मागे एक मोठं माणूस. आपली पाळी नसेल त्याची बंदूक मोडलेली, म्हणजे बिजागरीत उघडलेली, नळीत काडतूस नाही हे लांबूनही दिसावं म्हणून.

त्या चकत्यांना 'क्ले पिजन' म्हणतात, मातीची कबुतरं. नाव उगीच पडलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात या खेळात जिवंत कबुतरं उडवून मारायचे, आणि त्यांत पॅसेंजर पिजन नावाची रानकबुतरंही असायची. १८७१ साली याच राज्यात सुमारे ८५० चौरस मैलांच्या जंगलात त्यांची वीण झाली होती. अंदाज १३ कोटी ६० लाख पक्ष्यांचा. रेल्वे आणि तारयंत्र आलं, थवा कुठे उतरलाय ते व्यापाऱ्यांना लगेच कळू लागलं, आणि पिंपं भरभरून पक्षी शहरांत गेले. १८९९ मध्ये बॅबकॉकजवळ विस्कॉन्सिनमधला शेवटचा पक्षी गोळीने पडला. १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची मादी मेली आणि जातच संपली. आजोबा चकत्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "आमच्या पोरांना पहिल्या दिवशी हे सांगतो. नेम नंतर."

आत कॉफीचा वास, भिंतीवर हरणांची शिंगं, एका टेबलावर लाकडाचे खोके आणि भुसा. वुड डक नावाच्या बदकासाठी घरटी बनवणं चाललं होतं. हे बदक झाडाच्या ढोलीत अंडी घालतं, आणि जुनी झाडं तोडली गेल्यावर त्याला ढोली मिळेनात. म्हणून हे खोके. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने मला सगळं नीट समजावलं. दाराचं भोक गोल नाही, आडवं लंबगोल, चार इंच रुंद नि तीन इंच उंच, म्हणजे रॅकूनला, अंडी पळवणाऱ्या त्या प्राण्याला, आत शिरता येत नाही. तळाला भुसा घालायचा, कारण हे बदक घरट्यासाठी काडी-कचरा स्वतः आणत नाही. आणि दाराखाली आतल्या फळीवर खिळ्याने आडव्या रेघा कोरायच्या. "का?" मी विचारलं. "पिल्लांना चढायला. अंड्यातून बाहेर आली की दुसऱ्या दिवशी आई खालून हाक मारते आणि ती उडी मारतात." तिने माझं बोट धरून त्या रेघांवरून फिरवलं, किती खोल हव्यात ते कळावं म्हणून. हीच मुलगी शरद ऋतूत वडिलांबरोबर बदकांच्या शिकारीला जाते. सुरुवातीला हे मला पचायला जड गेलं, हे खरं सांगते.

पण पैसा कुठून येतो ते ऐकल्यावर माझा बराचसा पूर्वग्रह गळाला. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावं लागतं, डक स्टॅम्प. तेव्हा एक डॉलर, आता पंचवीस. त्यातल्या जवळजवळ सगळ्या पैशांतून पाणथळ जमिनी राखल्या जातात. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के कर बसतो, तो वन्यजीवांसाठी राज्यांना वाटला जातो. मंदीच्या काळात शिकाऱ्यांनी स्वतः हा कर उचलून धरला होता. खिशातून जाणाऱ्या पैशामुळे ही माणसं दलदलीला आपली म्हणतात.

सभा सुरू झाली ती उभं राहून झेंड्याला वंदन करून. मग अजेंडा, आणि पहिलाच विषय क्रेन.

विस्कॉन्सिनमध्ये १९३४ पासून कॉन्झर्वेशन काँग्रेस आहे. ७२ काउंट्यांतून, म्हणजे जिल्ह्यांतून, लोकांनी निवडलेले प्रतिनिधी, आणि दर एप्रिलात शिकार, मासेमारी, जंगल यांवरची प्रश्नावली सगळ्यांपुढे ठेवली जाते. कोणीही मत द्यावं, बंदूक असो वा नसो. मत सल्ल्यापुरतं, पण राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याला त्याकडे काणाडोळा करणं सोपं नसतं. त्या एप्रिलच्या तयारीसाठीच ही बैठक होती. १९३० च्या दशकात या राज्यात क्रेनच्या जेमतेम पंचवीस जोड्या उरल्या होत्या, असं सगळे सांगतात. आता हजारोंनी आहेत. मे महिन्यात मका उगवला की ते ओळीने चालत जातात आणि कोंब उपटून खालचा दाणा खातात. एकरच्या एकर ओळी रिकाम्या. शेतकऱ्याला क्रेन मारायचा परवाना मिळू शकतो, पण मारलेला पक्षी खायला बंदी.

पुढच्या रांगेतला शेतकरी उठला. हात कोपरापर्यंत रापलेले. "मारून खड्ड्यात टाकायचं, हे मला जमत नाही. त्यापेक्षा हंगाम उघडा. केंटकीत आहे, टेनेसीत आहे." कोणीतरी म्हणालं, मांस उत्तम असतं, शिकारी त्याला 'आकाशातलं रिबआय' म्हणतात; रिबआय म्हणजे गोमांसाचा उंची तुकडा. मागून एक बाई उठल्या. बॅराबूला १९७३ पासून इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन आहे, तिथे त्या स्वयंसेवक म्हणून जातात. त्यांनी शांतपणे मुद्दा मांडला. क्रेनची जोडी वर्षाला एखादं पिल्लू वाढवते, त्यामुळे चुकीची भरपाई व्हायला फार वर्षं लागतात. आणि शरद ऋतूत शिकार केली तरी मे महिन्यातला मका काही वाचत नाही. पेरण्याआधी दाण्याला अँथ्राक्विनोन नावाचं औषध लावलं तर पक्ष्याला विषबाधा होत नाही, चव मात्र नकोशी होते, आणि तो त्याच शेतात किडे खाऊ लागतो. "औषधाचे पैसे कोण देणार?" शेतकऱ्याने विचारलं. तिथे सगळे गप्प झाले. २०२४ साली विधिमंडळाने अभ्याससमिती नेमली होती ती याच गाठीवर.

मला त्या क्षणी कुडाळजवळचं आमचं घर आठवलं. माझ्या आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. परवान्याच्या पुस्तकात शिक्के, नूतनीकरणाच्या तारखा. निवडणुका लागल्या की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. २००९ साली विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरात होती, आणि भात पिकतं तेही ऑक्टोबरात. त्या वर्षीची एक सकाळ मला लख्ख आठवते. आजोबा बांधावर उभे होते, "रातीक डुकरां इली, सगळा भात लोळवन गेली," एवढंच बोलले आणि कोयतीने उरलेलं कापायला खाली उतरले. त्यांना कधी कोणी विचारलं नाही की डुकरांचं काय करावं, बंदुकीचं काय करावं. त्या पत्र्याच्या खोलीत त्या शेतकऱ्याला विचारत होते. मला वाटतं, आपल्याकडच्या जंगलालगतच्या गावांना याच गोष्टीची सगळ्यात जास्त गरज आहे: वर्षातून एकदा समोर बसवून, कागद देऊन, विचारणं.

दुसरा विषय बंदुकीच्या कायद्यांचा, आणि इथे खोलीतली हवा बदलली. धनुर्विद्या शिकवणाऱ्या एका शिक्षकाने २०२२ च्या केंद्रीय कायद्याची गोष्ट सांगितली. शाळांतल्या गोळीबारांनंतर केलेल्या त्या कायद्यातल्या एका कलमाचा अर्थ असा लावला गेला की शाळेतल्या तिरंदाजीला आणि शिकारीच्या सुरक्षावर्गाला केंद्राचा पैसा मिळणार नाही. देशभरातल्या अशा क्लबांनी पत्रं लिहिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. प्रतिनिधिगृहात ४२४ विरुद्ध १. यावर टाळ्या पडल्या. पण खाजगी विक्रीचा मुद्दा निघाला तेव्हा नाही. दुकानातून बंदूक घेताना पार्श्वभूमी तपासतात, मात्र विस्कॉन्सिनमध्ये एका माणसाने दुसऱ्याला परस्पर विकली तर तपासणी सक्तीची नाही. काहींना ती हवी होती, काहींना ती, कोणाकडे कोणती बंदूक आहे याची नोंद ठेवणाऱ्या सरकारी वहीची पहिली पायरी वाटत होती. माझ्या आजोबांचं शिक्क्यांचं पुस्तक बघत वाढलेल्या मला तपासणीत गैर काही दिसत नाही. बदकासाठी तीन इंचाचं भोक मोजणाऱ्या माणसांनी इथेही तेवढंच मोजून पाहावं असं मला मनापासून वाटतं, आणि चहापानाच्या वेळी विचारल्यावर मी ते तसंच सांगितलं. कोणी रागावलं नाही. दोघा-तिघांनी मान हलवली.

त्याच वेळी ताईच्या शेजारचे आजोबा बोलले. सभेत नाही, कॉफीच्या थर्मासपाशी, मला एकटीला. टेबलावर बंदुकीची कुलपं फुकट ठेवली होती, रबरी वेष्टणाच्या तारेची. त्यांतलं एक हातात घेऊन म्हणाले, "अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, माहीत आहे? माझ्या मित्राने गाई विकल्या त्या हिवाळ्यात मी त्याच्या तिन्ही बंदुका माझ्या घरी आणून ठेवल्या. म्हटलं, साफ करून देतो. एप्रिलात तो स्वतः मागायला आला, तेव्हा दिल्या." कुलूप त्यांनी परत खोक्यात ठेवलं. "तो बघ, पुढच्या रांगेत."

पुढच्या रांगेत तोच रापलेल्या हातांचा शेतकरी होता. क्रेनच्या प्रश्नावर हात वर करायची वेळ आली होती आणि त्याने तो अजून वर केला नव्हता.

निकाल सांगत नाही, क्लबाबाहेर तो बोलायचा नाही असं त्यांनी मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबांनी जुन्या पिकअपमधून विस्कॉन्सिन नदीकाठी नेलं. वाटेत आल्डो लिओपोल्ड या निसर्गरक्षक लेखकाची झोपडी. लिओपोल्डने १९१५ च्या सुमारास न्यू मेक्सिकोत गावोगाव शिकाऱ्यांच्याच संघटना उभ्या केल्या होत्या. पुढे विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला, १९३५ मध्ये इथली नापीक झालेली जमीन घेतली, कोंबड्यांच्या खुराड्याचं घर केलं आणि बायको-मुलांना घेऊन हजारो पाइन लावले. १९४८ मध्ये शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवताना तो गेला. ते पाइन आता चांगलेच उंच आहेत.

धुकं होतं. आधी आवाज आला, घशात लाकडी चाक फिरावं तसा, नदीच्या दोन्ही काठांवरून. मग वाळूच्या बेटावर एकेक राखाडी आकृती उठून उभी राहिली. एक जोडी मान वर करून एकसुरात ओरडू लागली. ते उडाले आणि आमच्या डोक्यावरून जाऊन कापलेल्या मक्याच्या शेतात उतरले. शेत कालच्या त्या शेतकऱ्याचं होतं. तो कोठाराच्या दारात कॉफीचा मग घेऊन उभा होता. आजोबांनी इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि ओरडून विचारलं, "किती मोजलेस?"

"चौदा," तो म्हणाला. "काल अकरा होते."