ल्युसिड स्वप्न पडतच नसेल तर आधी काय तपासायचं

स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असं लख्ख भान येणं म्हणजे ल्युसिड स्वप्न. त्यासाठी महिनोन्‌महिने धडपडूनही हाती काही लागलं नसेल, तर नवं तंत्र शोधण्याआधी आपण प्रयत्न कोणत्या वेळी करतो ते बघा. बहुतेकांचं इथेच बिनसलेलं असतं. रात्री अकराला अंथरुणावर पडून 'आज मला स्वप्नात कळेल' असं घोकायचं आणि झोपी जायचं, हा त्यांचा नित्यक्रम. त्यानंतरचे तीन-चार तास बहुतांश गाढ झोपेचे असतात. भान येण्याजोगी लांब स्वप्नं सुरू होईपर्यंत रात्री घोकलेलं सगळं पुसलं गेलेलं असतं.

झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं. ठसठशीत स्वप्नं पडतात ती मुख्यतः रेम झोपेत, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे भरभर हलत असतात त्या टप्प्यात. पहिल्या आवर्तनात हा टप्पा जेमतेम काही मिनिटांचा असतो, शेवटच्या एक-दोन आवर्तनांत तो अर्ध्या तासावर जाऊ शकतो. अकराला झोपून साडेसहाला उठणाऱ्याची बरीचशी रेम झोप साडेतीननंतर येते. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. स्वप्नं खरी होवोत न होवोत, पहाटे ती जास्त, लांब आणि आठवणीत राहणारी पडतात एवढं पक्कं. त्यामुळे एकला झोपून सहाला उठणारा माणूस नेमका हाच भाग कापून टाकतो. त्याने आधी झोप साडेसात तासांवर न्यावी. तंत्र नंतर.

रात्रीच्या दारूमुळेही रेम झोप दबते. नैराश्यावरच्या कित्येक गोळ्यांचा परिणाम तसाच होतो. पण त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नसतात, स्वप्नांसाठी तर मुळीच नाही.

दुसरी तपासणी आठवणीची. रोज निदान एक स्वप्न तपशिलासकट आठवत नसेल तर पुढच्या पायऱ्या वाया जातात, कारण सराव करायला कच्चा मालच नसतो. जाग आली की हलू नका, डोळे उघडू नका, मोबाइलला हात लावू नका. शेवटचं दृश्य किंवा नुसती भावना धरून ठेवा आणि 'याच्या आधी काय होतं?' असं विचारत मागे जा. काहीच आठवत नसेल तर हळूच कुशी बदला; ज्या कुशीवर स्वप्न पडलं त्या कुशीवर गेल्यावर पुष्कळदा तुकडा सापडतो. मग उशीजवळच्या वहीत आधी फक्त खुणेचे शब्द लिहा, वाक्यं नंतर. वहीच बरी. मोबाइल उघडला की पडद्याचा उजेड आणि आलेले मेसेज स्वप्नाला दहा सेकंदांत घालवून देतात.

नोंद अशी दिसते: 'जुन्या वाड्याचा जिना. वर जायचंय, पण मजला येतच नाही. हातात हॉल तिकीट. मामा खालून हाक मारतात, आवाज मात्र शेजारच्या काकांचा.' अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की वही वाचून, प्रत्यक्षात होऊ न शकणाऱ्या गोष्टींखाली रेघ मारा. कुणाला सारखी परीक्षा दिसते, कुणाला चुकलेली गाडी, कुणाला वारलेले आजोबा. हे आपले स्वप्नसंकेत. ते माणसागणिक वेगळे असतात, म्हणून दुसऱ्याची यादी कामाला येत नाही.

आता रिॲलिटी चेक, म्हणजे आपण जागे आहोत की स्वप्नात याची चाचणी. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि श्वास घेऊन बघायचा. स्वप्नात तो आत जातो. पाटीवरची ओळ वाचून नजर हटवून पुन्हा वाचायची. स्वप्नात अक्षरं बदलतात. बोटं मोजायची. यांत सगळ्यांत भरवशाची नाकाची चाचणी, कारण स्वप्नात बोटं कधीकधी पाचच भरतात. पण दिवसातून तीसदा यंत्रासारखं नाक दाबून काही होत नाही. ॲडलेड विद्यापीठातल्या डेनहोम अ‍ॅस्पी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसत्या रिॲलिटी चेकने उपयोग झालेला दिसला नाही. चेक करताना मनात खरी शंका हवी: मी इथे कसा पोचलो? पाच मिनिटांपूर्वी कुठे होतो? दिवसाला आठ-दहा चेक पुरेत, आणि ते आपल्या स्वप्नसंकेतांशी जोडलेले असावेत. जिना दिसला की चेक, परीक्षेचा विषय निघाला की चेक.

त्याच अभ्यासात रिॲलिटी चेक, झोपल्यावर पाच तासांनी उठणं आणि माइल्ड नावाचं तंत्र (ते पुढे सांगतो) या तिन्ही गोष्टी एकत्र करणाऱ्यांना आठवडाभरात सरासरी १७ टक्के रात्री यश आलं. त्यांतल्या ज्यांना माइल्ड संपवल्यावर पाच मिनिटांच्या आत झोप लागली, त्यांच्या प्रयत्नांपैकी ४६ टक्के फळाला आले. पुन्हा झोप लवकर लागणं ही इथली किल्ली आहे, आणि बराच काळ अपयश आलेला माणूस तीच हरवून बसतो. तो इतक्या ईर्ष्येने प्रयत्न करतो की तासभर टक्क जागा राहतो.

माइल्ड हे स्टॅनफर्डमध्ये संशोधन करताना स्टीफन लाबर्ज यांनी घडवलेलं तंत्र. त्याचा पाया म्हणजे पुढे करायची गोष्ट वेळेवर आठवणं. घरी जाताना मेडिकलमधून गोळ्या घ्यायच्या असं ठरवून निघावं आणि दुकान दिसताच ते आठवावं, तसंच हे. फक्त दुकानाच्या जागी स्वप्न. ही स्मृती आधी दिवसा तपासून घ्या. सकाळी चार प्रसंग ठरवा: पहिलं कुत्रं दिसेल तेव्हा, कुणी माझं नाव घेईल तेव्हा, कुलूप उघडताना, चहा ओतताना. त्या क्षणी आठवून एक चेक करायचा. चारांतले तीन निसटत असतील तर रात्री आठवण्याची आशा कमीच, म्हणून आधी एक-दोन आठवडे एवढंच करा. हा भाग बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यांत जास्त फरक इथेच पडतो.

मग रात्र. झोप लागल्यापासून पाच तासांनी गजर. एकाच खोलीत चार माणसं झोपत असतील तर मनगटावरच्या बँडचं कंपन वापरा, घरच्यांची झोप मोडू नका. गजर झाला की आधी स्वप्न लिहा, मग अंथरुणातून उठा. पाणी प्या, बाथरूमला जा, मंद पिवळ्या दिव्यात वही चाळा. दहा ते वीस मिनिटं. परत आडवं झाल्यावर आत्ताच पडलेलं स्वप्न घ्या आणि ते डोळ्यांसमोर पुन्हा चालवा. जिन्यावर आहात, मजला येत नाहीये, आणि तिथेच थांबता: मजला येत नाही म्हणजे हे स्वप्न आहे. नाक दाबता, श्वास आत जातो. जिन्याच्या खिडकीचं दार ढकलून बाहेर बघता. मग एक वाक्य: 'पुढचं स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे हे मला आठवेल.' पुन्हा दृश्य, पुन्हा वाक्य. तीन-चार फेऱ्या झाल्या की सोडून द्या आणि झोपा. मन बाजारहाटाकडे गेलं तर ओढून आणू नका, शेवटचा विचार या वाक्याचा असेल एवढं बघा.

बिघाड दोन बाजूंनी होतो. पडल्या पडल्या डोळा लागत असेल तर जागं राहण्याची वेळ कमी पडतेय, ती अर्ध्या तासापर्यंत वाढवा किंवा फेऱ्या बसून करा. अर्धा तास झोपच येत नसेल तर वेळ पाच मिनिटांवर आणा, दिवा लावूच नका आणि गजर अर्धा तास आधीचा ठेवा. प्रत्येकाचं गणित वेगळं, आणि ते बसेपर्यंतचा काळच बहुतेकांना अपयशाचा वाटतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काम केलं ते कळत नाही.

डोळ्यांसमोर चित्रं उभीच राहत नाहीत अशांसाठी एसएसआयएलडी नावाची दुसरी वाट आहे. तसंच उठून परत आडवं व्हायचं. डोळे मिटून समोरच्या अंधाराकडे लक्ष, मग ऐकू येणाऱ्या आवाजांकडे, पंखा, नळ, कानातली शांतता. मग अंगाच्या जडपणाकडे, पांघरुणाच्या स्पर्शाकडे. आधी चार फेऱ्या झरझर, मग चार ते सहा सावकाश, प्रत्येक इंद्रियाला वीस-तीस सेकंद. काही खास जाणवायला हवं असं नाही. मग आवडत्या कुशीवर सरळ झोपायचं. या पद्धतीत खोटी जाग फार येते: उठलो, दात घासले, आणि तेही स्वप्नच. म्हणून त्यानंतर दर वेळी जाग आली की नाक दाबून बघा.

कधी मध्येच जाग येते आणि शरीर हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. रेम झोपेत स्नायू शिथिल केलेले असतात, ते मोकळे व्हायच्या आत मन जागं झालेलं असतं. श्वासपटल चालू असतं, त्यामुळे गुदमरण्याचा धोका नसतो. पायाचं बोट हलवायचा प्रयत्न करा, काही क्षणांत ते सुटतं. डोळ्यांचे स्नायूही या शिथिलतेतून सुटलेले असतात आणि त्यावरच या विषयाचा पुरावा उभा आहे. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात अ‍ॅलन वर्स्ली यांनी झोपेतून, ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली आणि ती यंत्रावर नोंदली गेली.

गोळ्यांबद्दल विचारणा फार होते. २०१८ च्या एका प्रयोगात अल्झायमरवरच्या गॅलँटामीनचा, पहाटे उठणं आणि माइल्ड यांच्या जोडीने, चांगला परिणाम दिसला: ८ मिलिग्रॅमवर ४२ टक्के जणांना ल्युसिड स्वप्न पडलं, औषध नसलेल्या गोळीवर १४ टक्के. तरी हे डॉक्टरांच्या चिठ्ठीचं औषध आहे, हृदयाचे ठोके मंदावू शकतं, दमा असणाऱ्यांना त्रासाचं ठरू शकतं. छंदासाठी ते घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं आठवड्यातून दोन, फार तर तीन रात्री करा, त्याही सलग नकोत. दुसऱ्या दिवशी लांबचं ड्रायव्हिंग असेल तर ती रात्र सोडा. मनोविकृतीचे किंवा बायपोलरचे झटके येऊन गेलेल्यांनी यात पडू नये. स्वप्न आणि जाग यांची सीमा मुद्दाम हलवणं आणि झोप मोडणं, दोन्ही त्यांना घातक ठरू शकतं. आणि 'मलाच का जमत नाही' असं वाटत असेल त्यांच्यासाठी एक आकडा: २०१६ मध्ये पन्नास वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात आयुष्यात एकदा तरी ल्युसिड स्वप्न पडलेले लोक ५५ टक्क्यांच्या आसपास निघाले, महिन्यातून एकदा किंवा जास्त वेळा पडणारे सुमारे २३ टक्के.

पहिलं यश बहुधा काही सेकंदांचं असतं. भान येताच आनंदाने जाग येते. म्हणून काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा: दोन्ही तळहात एकमेकांवर घासा, भिंतीला हात लावा, पायाखालची फरशी न्याहाळा. लगेच उडायला जाऊ नका. स्वप्न विरायला लागलं तर जागच्या जागी गिरकी घ्या. तरीही जाग आलीच तर डोळे न उघडता निश्चल पडून राहा, पुष्कळदा त्याच स्वप्नात परत शिरता येतं. नंतर वहीत लिहिताना भान नेमकं कशामुळे आलं ते ठळक करा, आणि पुढच्या रात्रीच्या माइल्डमध्ये तोच प्रसंग घ्या.