टीसीचं इंजिन नंतर, आधी लाकूड

रविवार, बडोदा

दांडिया बाजाराकडच्या जुन्या घराच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली निघाली ती एमजी टीसी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या अबिंग्डनच्या कारखान्यात १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे १०,००० गाड्या झाल्या, सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या. घरचे म्हणतात, "महाराजांकडची आहे." बडोद्यात कुठलीही जुनी गाडी महाराजांचीच असते, आणि जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर व्हिंटेज गाड्यांचा मेळा भरल्यापासून तर जास्तच. म्हणून आधी नंबर. पुढच्या डाव्या डम-आयर्नवरचा, म्हणजे चासीच्या पुढे आलेल्या टोकावरचा, गंज तारेच्या ब्रशने हलकेच काढला की चासी नंबर दिसतो. ग्राइंडर लावायचा नाही, ठसा पुसला जातो. टीसीचे नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. इंजिन नंबरची सुरुवात एक्सपीएजी अशी हवी, ते टीसीच्या इंजिनाचं नाव. दोन्ही नंबर आरसी बुकशी जुळेपर्यंत पैसे घालू नयेत.

सगळ्यांना घाई असते ती इंजिन सुरू करण्याची. आपल्या हवेत ते चुकीच्या टोकाकडून धरणं आहे. टीसीचं पत्र्याचं अंग ॲश नावाच्या झाडाच्या लाकडी सांगाड्यावर उभं आहे, आणि इथे वाळवी आहे, चार महिने दमट हवा आहे, शिवाय विश्वामित्री नदीचा पूर आहे. २०१९ आणि २०२४ मध्ये ज्या भागांत पाणी शिरलं, तिथे आधी गॅरेजच्या भिंतीवर गाळाची रेघ शोधावी आणि ती गाडीवर कुठे येते ते मोजावं. रेघ हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, वर असेल तर ब्रेकचे ड्रम, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल उघडणं आलंच. ड्रेन प्लग थोडा सैल करून बघावा: पाणी जड, तळाशी बसतं, त्यामुळे ऑइलच्या आधी तेच बाहेर येतं.

लाकडाची परीक्षा सोपी. दार अर्धं उघडून टोकाला धरून वरखाली हलवायचं. बिजागरीसकट खांबच हलत असेल तर खांबाचं बूड गेलं आहे. मग टोचा घेऊन खांबाचं बूड, दाराखालची आडवी पट्टी आणि मागच्या चाकाच्या कमानीलगतचे तुकडे टोचून पाहायचे. चांगल्या लाकडात टोक अडतं, कुजलेल्यात सहज आत जातं. लोखंडी स्क्रूभोवती काळा डाग असेल तर तिथे कूज धरून चालावी.

बॉडी उतरवण्याआधी दोन्ही दारांच्या मोकळ्या जागेत आडव्या आणि तिरक्या पट्ट्या ठोकायच्या. हे राहिलं की सांगाडा पिळतो आणि नंतर दारं काही केल्या बसत नाहीत. कुजलेला तुकडा भुगा झाला असला तरी फेकू नये, नवीन तुकड्याचं माप त्यातूनच मिळतं. सुतार साग सुचवेल. साग टिकतो, पण ॲशइतका लवत नाही आणि तेलकट असल्याने गोंद धरत नाही. सागच वापरायचा तर सांधे ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवावेत.

इंजिनाला तोवर भिजू द्यावं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण २५ मिली डिझेल आणि एटीएफचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं मिश्रण, दोन-तीन दिवस. मग गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन फिरवायच्या हँडलने हळू पुढे-मागे. सेल्फ मारायचा नाही, ढकलून तर मुळीच नाही. चिकटलेली पिस्टन रिंग तुटते. नटांना साधे मेट्रिक पाने बसत नाहीत. एक्सपीएजीचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची! शिवाय ८ मिमीच्या स्टडला इथे १ मिमीचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) आहे, बाजारातला १.२५ चा नट जबरदस्तीने घातला की स्टड गेला. तसे स्टड मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घेता येतात.

ऑइल पंप या इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) ऑइलच्या पातळीच्या वर असतो. उभ्या गाडीत तो कोरडा पडतो आणि आपणहून ऑइल ओढत नाही. पंपात ऑइल भरून, प्लग काढलेले ठेवून, ऑइल प्रेशर गेजचा काटा हलेपर्यंत इंजिन फिरवायचं. हे न करता सुरू केलं तर बेअरिंग जातात.

एसयू कार्ब्युरेटरच्या जेटची बुचाची सीलं वाळलेली असणार. ती बदलावीत, आणि पेट्रोलचे पाइप इथेनॉल सोसणारेच घालावेत. बॅटरी १२ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे अधिक टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं. सवयीने उलटी जोडली जाते.

चाकाला मध्यभागी एकच मोठा नट असतो, तो ठोकून सोडवायचा. उजव्या बाजूच्या चाकांचे नट घड्याळाच्या दिशेने सुटतात, डावीकडचे उलट. तांब्याचा हातोडा घ्यावा.

कागदांचं काम याच आठवड्यात सुरू करावं. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राखता येतो, म्हणून घरातल्या ट्रंकांमध्ये आरसी बुक शोधायला सांगितलं आहे. रोजच्या वापराला ही नोंदणी चालत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर आणता येते.