लग्नातला बर्फ

राजेहो, माझी संत्र्यापासून वाईन करायची वायनरी हाये. वायनरीचा मालक म्हटलं की लोकांना वाटतं एसीत बसून ग्लास फिरवत असंल. मागच्या एप्रिलातला एक दिवस सांगतो.

माझे बाबा वरूडच्या मंडीत संत्र्याचे क्रेट उचलायचे अन मी नऊ वर्षं बसस्टँडसमोर ज्यूसची गाडी लावली. बी भरडली गेली की रस ठेवल्यावर कडू होतो हे गाडीवरच शिकलो. सालीचं तेल उतरलं तर यीस्ट नीट चालत नाही हे शिकलो एक अख्खी टाकी नालीत ओतून.

तर मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुलणाऱ्या संत्र्याचा माल, २००० लिटरची टाकी, आंबवणीचा तिसरा दिवस. संत्र्याचा रस जेमतेम ११ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप), साखर घालून २१ केलेला. सकाळी नऊला डीपी उडाली, टाकी गार ठेवणारा चिलर बंद, जनरेटर दोनदा खोकला अन गप. वायरमन म्हणे उद्या पाहू. बाहेर ४४ डिग्री, त्यात यीस्ट साखर खाताना स्वतःच गरमी सोडतं, त्यामुळं २० वर असलेली टाकी संध्याकाळी सातला ३१ वर. अजून तीन-चार डिग्री चढली असती तर यीस्टनं दम सोडला असता, साखर अर्धवट राहिली असती अन मग सगळं आंबट. घर गहाण होतं त्या टाकीवर, खोटं कायले बोलू.

गडी म्हणे, "भाऊ, बर्फ आतच टाकू का?"

"अबे, सरबत करतं का त्याचं!"

मग माठाचं गणित आठवलं. आपल्याकडची हवा कोरडी, ओलं कापड भराभर गार पडते. गोडाऊनमधली सगळी बारदानं भिजवून टाकीला गुंडाळली. शटर उघडंच ठेवलं, कारण आंबताना निघणारा गॅस खाली साचतो, एक पोट्टा टाकीवर वाकून वास घेत होता त्याले हाकललं. पण नुसत्या बारदानानं तापमानाचा काटा जागचा हलेना. तेवढ्यात गावातून बँडचा आवाज आला. लग्न! तिथं मठ्ठ्यासाठी बर्फ असणारच. तसाच भिजलेल्या पायजम्यात मांडवात गेलो, नवरीच्या बाबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. त्यांनी आठ लाद्या दिल्या, वऱ्हाडानं कोमट मठ्ठा पेला.

बर्फ फोडून बारदानात बांधला, रात्रभर चौघं पाणी मारत होतो. पहाटे पाचला काटा २५ वर, साखर मोजायचा हायड्रोमीटर टाकला तर साखर उतरतच होती. वास मात्र थोडा उडाला, ती बॅच काही माझी बेस्ट नाही.

दुसऱ्या दिवशी नवरीच्या बाबांकडं पैसे घेऊन गेलो, घेईनात. म्हटलं दोन बाटल्या तरी ठेवा, तर हात जोडून म्हणे, "नको जी, पाव्हणे आर्वीचे हायेत." आर्वी म्हणजे वर्धा जिल्हा, तिथं सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. मग दोन क्रेट संत्री पाठवली.

संध्याकाळी त्यांचा फोन, "भाऊ, हे तर माह्याच बागेतले हायेत ना!"