सावलीतली नोकरी का सोडली, तुम्ही विचारलंत म्हणून

‘बी.ए. झालेलं पोरगं, कोल्हापुरात कापडाच्या दुकानात सावलीला बसून पगार घेत होतं, ते एमआयडीसीत हात काळे करायला का गेलं?’ हे मला पाहुण्यांनी विचारलंय, लग्नाच्या मांडवात विचारलंय, सकाळी डेअरीवर किटली घेऊन उभा असताना विचारलंय. गेल्या दोन वर्षांत त्याला शेपूट फुटलंय. ‘आता बरा पगार हाय न्हवं? मग आमच्या पोरालाबी लाव की.’ उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देतो आणि घरी आल्यावर वाटतं, आपण खोटं बोललो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

आधी ‘सावलीला बसून’ हे काढून टाका. बसायला स्टूल नव्हतं. सकाळी दहा ते रात्री नऊ काउंटरमागं उभं राहायचं. एका गिऱ्हाइकाला चाळीस साड्या उलगडून दाखवायच्या, ते ‘येतो जरा फिरून’ म्हणून गेलं की चाळीसच्या चाळीस घड्या मूळच्या मोडीवर घालायच्या. घडी चुकली तर दुसऱ्या दिवशी रेघ दिसते आणि बोलणी बसतात. महिन्याला आठ हजार. मंगळवारी सुट्टी, पण लग्नसराईत आणि दिवाळीत तीही नाही. किमान वेतनाचा कायदा तेव्हा १९४८ चा होता. काउंटरवर आम्ही तिघं बी.ए. आणि एक बी.कॉम. होतो, आणि आपल्या दुकानाला कोणता दर लागू होतो हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. कधी विचारलंही नाही. शर्ट इस्त्रीचा होता, पंखा होता, घरी सांगायला ‘शाहूपुरीत दुकानात आहे’ एवढं पुरायचं. मला ती नोकरी आवडायचीसुद्धा. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून काठ कुठला दाखवायचा हे मला कळायचं. हे कबूल करतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यावरून मी पहिल्यापासून रागात होतो असं वाटेल. तसं नव्हतं.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला मी सांगायला नको. पण माझे त्यातले चार दिवस कुणाला माहीत नाहीत.

५ ऑगस्ट, सोमवार, नागपंचमी. आमचं गाव प्रयाग चिखली. पाणी आमच्याकडं दर दोन-तीन वर्षांनी येतंच, त्यामुळं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे फूट आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखे विचारतो. ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. त्या सकाळी आकडा धोक्याच्या बराच वर होता. आण्णा म्हणाले, ‘आज नको जाऊस.’ मी म्हणालो, ‘मालकांचा फोन आलाय, तळघरात माल हाय, संध्याकाळपर्यंत येतो.’ आईनं लाह्या आणि डब्यात दोन दिंड बांधून दिली.

दुकानाच्या तळघरात दिवाळीचा माल येऊन पडला होता. साड्यांचे गठ्ठे, शर्टिंगची थानं. आम्ही सहाजणांनी दुपारपर्यंत ते पहिल्या मजल्यावर चढवलं. गठ्ठा खांद्यावर घेतला की मान वाकडी होते आणि समोरच्याच्या टाचा तेवढ्या दिसतात. दोनच्या सुमाराला आण्णांचा फोन आला. ‘उंबऱ्याला लागलंय. ये.’ मी मॅनेजरकाकांकडं गेलो. ते म्हणाले, ‘अरे, एवढं वर टाका आणि मग जा. तुझ्या घरात काय, माणसं आहेत की.’ मी थांबलो. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. दार उघडं होतं, रस्ता तोवर चालू होता, गाडीत पेट्रोल होतं. मी थांबलो.

सहा वाजता निघालो, तर शिवाजी पुलाच्या अलीकडंच पोलिसांनी अडवलं. पलीकडं रस्ता दिसत नव्हता, नुसतं तांबडं पाणी आणि त्यात उसाचे शेंडे. परत दुकानात आलो. रात्रीत पाणी बाजारात शिरलं, तळमजल्यावर चढलं, लाइट गेली. मी आणि वॉचमनमामा वरच्या मजल्यावर साड्यांच्या गठ्ठ्यांवर झोपलो. दिंड आम्ही दोघांनी मोबाइलच्या उजेडात खाल्ली. मंगळवारी सकाळी आईचा शेवटचा फोन लागला. ‘म्हशींची दावी सोडलीत. आम्ही माळ्यावर हाय. तू जेवलास काय?’ एवढं बोलली आणि माझी बॅटरी संपली.

बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की आपण वर आणलेला माल कोरडा आहे. आई-आण्णा बुधवारी होडीतून बाहेर निघाले, उंचावरच्या सोनतळीला पोचले. मला ते गुरुवारी संध्याकाळी समजलं, एका अनोळखी माणसाच्या फोनवरून. त्या दोन रात्री मी काय विचार करत होतो, ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथंही सांगणार नाही.

दोन म्हशी पोहून वर निघाल्या, एक सापडली नाही. घरात गुडघाभर गाळ. पाणी ओसरल्यावर दुकान उघडलं, आम्ही झाडलोट केली, भिंती धुतल्या, सप्टेंबरच्या सात तारखेला पगार झाला. पाकिटात ५,६०० रुपये. नऊ दिवसांचे २,४०० कापले होते. हिशेबनीस म्हणाले, ‘दुकान बंद होतं ना.’ मी म्हणालो, ‘त्यातले चार दिवस मी दुकानातच होतो. वर. मालावर झोपलो होतो.’ त्यांनी रजिस्टर नाही बघितलं, थंबच्या मशिनचा कागद बघितला. लाइट नव्हती, मशिन बंद, त्यामुळं सोमवारी सकाळनंतर माझा अंगठा कुठंच उमटलेला नव्हता. ‘हजेरीच पडली नाही रे. मी काय करू?’ माणूस वाईट नव्हता. त्याचेही दिवस कापले होते.

मालकांनी नंतर प्रत्येकाला भिजलेल्या मालातली एकेक साडी दिली, घरी आईला म्हणून. मोरपंखी रंगाची, चांगल्या भावाची साडी. अर्ध्यावर पाण्याची रेघ, रेघेखाली रंग मातकट. आईनं ती दोनदा धुतली, उन्हात धरून बघितली आणि फाडून वाकळंत घातली. ती वाकळ आजही माझ्याच अंथरुणावर आहे.

तर, मी नोकरी का सोडली? इतकी वर्षं उत्तर देताना मी या पगाराच्या पाकिटावर येऊन थांबायचो. ऐकणाऱ्याला पटायचं. पण २,४०० रुपयांसाठी मी सोडली नाही. दिवाळीचा सीझन पूर्ण केला, बोनस घेतला, मग सोडली. मला राग मालकाचा होता त्याहून जास्त त्या सोमवारी दोन वाजता थांबलेल्या पोराचा होता. आठ हजारांत माणूस इतका भित्रा कसा होतो, हे मला कळत नव्हतं. अजून नीट कळलेलं नाही. एवढंच दिसलं की चार वर्षं उभं राहून जे शिकलो, ते त्या दुकानाबाहेर कुणी विकत घेणार नाही, आणि हे मॅनेजरकाकांना माझ्या आधीपासून माहीत होतं.

वाचलेल्या दोनपैकी एक म्हैस विकली, तिचे पंचावन्न हजार आले. आईनं त्यातले अठरा हजार काढून दिले, मी उद्यमनगरात तीन महिन्यांचा व्हीएमसीचा, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशिनचा, क्लास लावला. कळंब्याच्या आयटीआयत मशिनिस्टला दोन वर्षं लागतात. तिथं वयाची वरची अट नाही, पण दोन वर्षं बिनपगारी कोण काढणार? क्लासमध्ये मशिनला हुकूम द्यायचे जी-कोड, एम-कोड पाठ झाले. खरं काम तिथं येत नाही, हे गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो त्या पहिल्या पाळीत समजलं. पगार ७,२००. म्हणजे दुकानापेक्षा आठशेनं कमी. फेब्रुवारीत लागलो, मार्चच्या शेवटी लॉकडाउन. ठेकेदाराकडचे हेल्पर म्हणून आम्हाला दोन महिने दमडी मिळाली नाही. त्या दिवसांत घर दुसऱ्या म्हशीच्या दुधावर चाललं, दहा दिवसाला येणाऱ्या बिलावर. ‘स्वतःच्या हिमतीवर वर आलास’ असं कुणी म्हटलं की मला ती म्हैस आठवते.

मग काम सांगतो, कारण ते मला सांगायला आवडतं. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून बिडाची कास्टिंगं, म्हणजे ओतीव भाग, येतात, पंपाची हाउसिंगं म्हणजे कवचं, त्यांना मशिनवर घासून मापात आणायचं. ५२ मिलिमीटरच्या बोरला, म्हणजे गोल भोकाला, वर ३० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) चालतात, खाली शून्य. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे अर्ध्या केसाच्या आत सगळा खेळ. ऑपरेटर झालो त्या महिन्यात मशिनला ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, टाकताना दशांश चिन्ह एक घर चुकलं. ०.०५ च्या जागी ०.५ पडलं. फेस, म्हणजे वरचा सपाट भाग, अर्धा मिलिमीटर खोल गेला आणि जॉब भंगारात. मी हात बांधून उभा राहिलो, आता पगारातून कापणार म्हणून. मशिन कामाला लावून देणारे सेटर मामा आले, जॉब हातात फिरवला, म्हणाले, ‘चिन्ह बघितलं न्हाईस ते राहू दे. आवाज बदलला तो ऐकला न्हाईस, ते वाईट.’ मग त्यांनी मुद्दाम झिजलेली इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, लावून मशिन चालू केलं आणि मला डोळे मिटून उभं केलं. चांगली इन्सर्ट एकसुरी चालते. झिजली की आवाजाला किनार येते. तो फरक मला त्या दुपारी कळला. आता मशिनकडं पाठ असली तरी कळतो.

हे मात्र माझं आहे. थंब पडो न पडो. हा कारखाना बंद झाला तर शिरोलीत, कागलच्या पंचतारांकित वसाहतीत, कुठंही मी हे घेऊन जाऊ शकतो. आज सेटर आहे, पगार २६ हजार, ओव्हरटाइम वेगळा. मला याचा अभिमान आहे, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही. यंत्रांचे जुने नामी कारागीर म्हादबा मेस्त्री, त्यांचं नाव अभिमानानं सांगणाऱ्या या शहरात हात काळे असलेल्या पोराकडं मुलीचा बाप असा का बघतो, हे मला विचारायचंय. दुकानात होतो तेव्हा स्थळं ‘पगार कमी’ म्हणून परत गेली. आता ‘कंपनीत आहे, परमनंट नाही’ म्हणून जातात. बिडाची भुकटी नखांच्या कडेला बसते, ती साबणानं जात नाही.

२०२२ मध्ये माझ्या कॉलेजात मला चार शब्द बोलायला बोलावलं होतं. मी म्हणालो होतो, ‘पदवीची गुंडाळी करा, हात काळे करा, दोन वर्षांत पगार दुप्पट.’ टाळ्या पडल्या. त्या भाषणातलं मला आज बरंच मागं घ्यायचंय. मी हेल्परच्या वर्षाबद्दल बोललो नव्हतो. ठेकेदाराबद्दल बोललो नव्हतो. कारखान्यांच्या कायद्यात जादा तासाला दुप्पट दर लिहिला होता आणि मला पहिल्या जागी दोन वर्षं सिंगलच मिळाला, हेही बोललो नव्हतो. त्या भाषणानंतर गावातला एक पोरगा माझ्यामागं लागला, मी त्याला लावला. तीन महिन्यांत तो सोडून गेला, आता खाण्याची पार्सलं पोचवतो. मी चिडून भेटायला गेलो तर म्हणाला, ‘दादा, तिथं सेटर व्हायला चार वर्षं. मला पैसे याच आठवड्यात लागतात. आईचं औषध हाय.’ मी त्याला काय शिकवणार होतो?

आणि जुलै २०२१ चंही सांगतो, म्हणजे हिशेब अर्धवट राहायला नको. पुन्हा पाणी आलं. पाळी चालू होती, आण्णांचा फोन आला. मी मशिन थांबवलं, मामांना सांगितलं आणि निघालो. गेटपास घेतला नाही. रस्ता बंद व्हायच्या आत आई, आण्णा आणि म्हैस सोनतळीला नेली. पुढच्या पगारात सहा दिवस कापलेले होते. इथंही. कारखाना निराळा, काम निराळं, कागद तोच. फक्त मी या वेळी विचारायला गेलो नाही. त्याला सुधारणा म्हणायची का, मला माहीत नाही.

परवा आमच्या गल्लीतल्या काकू त्यांच्या धाकट्याला घेऊन आल्या. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पेट्रोल पंपावर रात्रपाळी करतो, नऊ हजार. ‘ह्याला लाव की बाबा तुझ्याकडं.’ पूर्वी मी लगेच हो म्हणायचो. या वेळी त्याला बाजूला घेऊन पहिलं विचारलं, ‘घरात म्हैस हाय काय?’ त्याला कळलं नाही. मी समजावून सांगितलं, की वर्षभर पगार आतापेक्षा कमी असेल, तेवढं ढकलायला मागं काय आहे. तो बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, ‘काय न्हाई. पण यायचं हाय.’

सोमवारी पहिल्या पाळीला त्याला गेटवर बोलावलंय. रात्रीचा पंप चालू ठेवून दिवसाचं कसं जमवायचं, ते आम्ही दोघं अजून बघतोय.