आमच्या मेळाव्यातले मनोगत

रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्या आमच्या मंडळाचा स्नेहमेळावा दरवर्षी दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी दादरला भरतो. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, हिशेबाला मंजुरी हे सारे लवकर आटोपावे असा कार्यवाह म्हणून माझा आग्रह असतो, कारण ज्याची वर्षभर वाट पाहावी ते त्यानंतर सुरू होते. एखाद्या आत्मचरित्रातील भाग वाचला जातो आणि मग आमच्यातलाच कोणी रुग्ण उभा राहून मनोगत मांडतो.

लिसा रे यांचे ‘क्लोज टू द बोन’ हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक निवडले, तेव्हा नटीच्या आयुष्याशी आपला काय संबंध, असे समितीतील दोघांनी बोलून दाखवले होते. त्याचे मला आजही वाईट वाटते. बंगाली वडील आणि पोलिश आई यांची ही मुलगी टोरांटोत वाढली, मुंबईत मॉडेल म्हणून नावारूपाला आली, २००१ मध्ये ‘कसूर’मध्ये आणि २००५ मध्ये दीपा मेहतांच्या ‘वॉटर’मध्ये दिसली, आणि २००९ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तिला मल्टिपल मायलोमा असल्याचे निदान झाले. हा आजार अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा. त्याने हाडे पोखरली जातात, रक्त कमी होते, मूत्रपिंडांवर ताण येतो. तो बहुधा पुरता जात नाही, औषधांनी आटोक्यात राहतो आणि कधीतरी उलटतो. आमच्या सभासदांना यातले काहीही समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या वाचनाच्या बाई, ज्या पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवीत, मूळ मजकुराचा आशय मराठीतून सांगत होत्या. त्याच वर्षी टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात लिसा रे स्टेरॉइडमुळे सुजलेल्या चेहऱ्याने छायाचित्रकारांसमोर गेल्या आणि त्यांनी आपला आजार जाहीर केला, या भागाशी बाई आल्या, तेव्हा दुसऱ्या रांगेतील एका ताईंनी तोंडावर ओढून घेतलेला पदर खाली केला. त्यांचे नाव त्या दिवशीच्या यादीत नव्हते, तरी वाचन संपताच त्या स्वतःहून ध्वनिक्षेपकापाशी आल्या. भाच्याच्या लग्नाला गेले पण फोटोला उभी राहिले नाही, असे त्यांनी सांगितले. डेक्सा हे स्टेरॉइड घेतलेल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून पहाटे तीनला तांदूळ निवडत बसते आणि त्यामुळे शेजारणींचेही तांदूळ आता माझ्याकडेच येतात, हेही सांगितले. मी आजवर ऐकलेल्या मनोगतांत हे मला सर्वांत जवळचे वाटते. आपण बरे झालो असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. आजार चालू आहे आणि कामही चालू आहे, एवढेच त्या सांगत होत्या. मूळपेशी प्रत्यारोपणानंतर सावरलेल्या लिसा रे यांचाही आजार २०१२ मध्ये, लग्नानंतर महिनाभरातच उलटला होता, आणि पुस्तक लिहिणारी बाई ही त्यानंतरची आहे, म्हणून तिचा शब्द आमच्या लोकांना खरा वाटतो.

त्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, याची खंत मात्र आहे. ज्यांचे अहवाल चांगले येतात ते मेळाव्याकडे फिरकत नाहीत. नव्याने निदान झालेल्याला त्यांनाच पाहायचे असते, हे मी दरवर्षी निमंत्रणपत्रिकेत लिहिते.

मदतीला आलेल्यांचा उल्लेख राहून जाऊ नये. रजेच्या दिवशी आलेल्या दोन्ही परिचारिका, मास्क वाटणारी महाविद्यालयातील मुले, भाडे न घेता ध्वनिक्षेपक लावणारे गृहस्थ, साखरेचा आणि बिनसाखरेचा चहा वेगवेगळ्या किटल्यांत ठेवणाऱ्या वहिनी, खुर्च्या उचलणारे पहारेकरी काका, गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या बाहेरगावच्या रुग्णांना टॅक्सीने आणणारे आणि परत सोडणारे आमचे खजिनदार, आणि ज्यांचे यजमान त्याच वर्षी गेले तरी ज्यांनी नावनोंदणीचे टेबल सांभाळले त्या काकू, या सर्वांचे मंडळ ऋणी आहे. फुलांचा खर्च ज्यांनी केला त्यांनी नाव न घालण्याची अट घातली आहे. यंदाच्या मनोगतासाठी तांदूळ निवडणाऱ्या ताईंनाच विचारले असून त्यांनी होकार दिला आहे.