गेटिसबर्ग स्टेशन, एचओ स्केल: भिंती उभ्या राहिल्या

गेटिसबर्ग या अमेरिकेतल्या रेल्वे स्टेशनचं छोटं मॉडेल मी करतो आहे, एचओ स्केलमध्ये, म्हणजे मूळच्या १/८७ आकाराचं. गेल्या वेळी त्याच्या पुठ्ठ्याच्या भिंतींना बाक आल्याचं कळवलं होतं. चिकटवताना पाणी एकाच बाजूनं मुरलं की पुठ्ठा वळणारच. यावेळी मागून दुसरा थर लावला, कागदाच्या तंतूंची दिशा पहिल्या थराला आडवी ठेवून, आणि रात्रभर जाड शब्दकोशाखाली दाबून ठेवला. सकाळी पट्टी लावून पाहिली. सरळ!

विटांनी मात्र घाम काढला. १:८७ मध्ये विटांचा एक थर म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर. सांध्यांसाठी पातळ राखाडी रंग फिरवायचा आणि लगेच बोटाला गुंडाळलेल्या सुती फडक्यानं पुसायचा. थोडा उशीर झाला की अख्खी भिंत धुरकट दिसते. रस्त्याकडची बाजू दोनदा धुऊन परत केली.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगतो. पेनसिल्व्हेनियातलं हे दुमजली विटांचं स्टेशन १८५८-५९ मधलं. अमेरिकन यादवी युद्धातल्या जुलै १८६३ च्या लढाईत त्याचं इस्पितळ झालं आणि नंतर इथूनच जखमींना गाड्यांनी हलवलं. १९४२ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या. २००६ मध्ये जीर्णोद्धार होऊन ते पुन्हा खुलं झालं.

मॉडेलसाठी मी एक नेमकी वेळ धरली आहे: १८ नोव्हेंबर १८६३, संध्याकाळ. अध्यक्ष अब्राहम लिंकन सैनिकांच्या नव्या दफनभूमीच्या अर्पणसोहळ्यासाठी इथे उतरले ती. नोव्हेंबरात सहाला काळोख असतो, म्हणून खिडक्यांत दिवे हवेत. बाजारातला पिवळसर एलईडीसुद्धा फारच पांढरा पडला. त्यावर केशरी रंगाचा पातळ हात दिला, तेव्हा कुठे कंदिलासारखा उजेड आला. छपरावरच्या मनोऱ्यातली घंटा पितळी मण्याची केली आहे, ती त्या उजेडात किंचित चमकते. किती वेळ नुसता बघत बसलो होतो!

आता माणसं. लिंकन सहा फूट चार इंच, म्हणजे टोपी सोडून २२ मिलिमीटर. गर्दीतून त्यांचं डोकं वर दिसलंच पाहिजे.

आणि शवपेट्या. तेव्हा मृत सैनिकांना तात्पुरत्या खड्ड्यांतून काढून नव्या दफनभूमीत पुरायचं काम सुरूच होतं, आणि स्टेशनावर पेट्यांची रास होती अशी वर्णनं आहेत. त्या वगळल्या तर हा देखावा नुसता स्वागतसमारंभ वाटेल. लिंडनच्या पातळ पट्टीतून २३ मिलिमीटरच्या बारा कापून झाल्या. रंग देणार नाही, कोरं लाकूडच ठेवेन.