उत्तर खटकले पाहिजे

पालकसभेत प्रगतिपुस्तकांवर सह्या झाल्या, की दोन-तीन पालक मागे रेंगाळतात आणि हळूच विचारतात, "बाई, आता हे एआय आले आहे, तर आमच्या मुलाला कुठल्या क्लासला घालू?" रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी २२ वर्षे गणित आणि विज्ञान शिकवते आहे. पूर्वी हा प्रश्न एमएस-सीआयटीबद्दल असायचा, मधली काही वर्षे कोडिंगबद्दल असायचा, आणि दर वेळी विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपली गाडी सुटते आहे अशी काळजी असायची. सभेच्या गडबडीत मी काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेते. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून आता नीट लिहिते.

क्लासला घालायला माझी हरकत नाही, परंतु मुलाच्या अंगी जी गोष्ट यायला हवी असे मला वाटते, ती कोणत्याही क्लासच्या जाहिरातीत नसते. समोर आलेले चुकीचे उत्तर मुलाला खटकले पाहिजे.

चॅटजीपीटीसारखे यंत्र प्रचंड मजकुरावरून शिकून, आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे याचा हिशेब करत वाक्य रचत जाते. त्यामुळे त्याचे खरे वाक्य जितके सफाईदार असते, तितकेच सफाईदार त्याचे खोटे वाक्यही असते. वर्गातला मुलगा चुकीचे उत्तर देताना अडखळतो, छताकडे पाहतो आणि आपल्याला लगेच कळते. यंत्राचा आवाज कापत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीने पुरवलेले निवाड्यांचे दाखले न्यायालयात सादर केले, आणि त्यांतले काही निवाडे कधी झालेलेच नव्हते. त्यांच्यापैकी एकाने तर हे निवाडे खरे आहेत ना, असे त्या यंत्रालाच विचारून घेतले होते आणि यंत्राने होकार दिला होता. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. ही माणसे अडाणी नव्हती; वकिलीत त्यांची वर्षे गेली होती, तरीही त्यांना काही खटकले नाही.

खटकण्यासाठी आधी आपला एक अंदाज असावा लागतो. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ होती, त्यामुळे दुकानदाराची बेरीज पुरी होण्याआधीच रक्कम साधारण किती होणार हे त्यांच्या मनात तयार असे. (औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा; तो परत आणा, असे माझे म्हणणे नाही, कारण मी स्वतः त्यापायी पुष्कळ रडले आहे.) वर्गात मी विजेच्या बिलावरून गणित घालते: ७५ वॅटचा पंखा रोज १० तास चालला, तर ३० दिवसांत किती युनिट वीज लागेल? आकडेमोड करण्याआधी प्रत्येकाने वहीच्या समासात अंदाज लिहायचा. एका मुलीने मांडलेला विचार मला फार आवडला: पंखा १०० वॅटचा धरला तर दिवसाला १ युनिट, महिन्याला ३०, आपला पंखा त्याहून कमी वॅटचा, म्हणून उत्तर तिसाच्या आतच असणार. उत्तर २२.५ येते. पुढे तिच्या समोर कोणी २२५ हा आकडा ठेवला, तर तो तिला खटकेलच; तो माणसाने ठेवला की यंत्राने, याने तिला फरक पडणार नाही.

यासाठी घरी उपकरण असलेच पाहिजे असेही नाही. आमच्या निम्म्या घरांत मोबाईल एकच असतो आणि तो वडिलांबरोबर सकाळी कामावर जातो. किराण्याची यादी, एसटीचा प्रवासवेळ, भाताच्या कणगीत किती पायली मावेल, या सगळ्यांत आधी अंदाज आणि मग मोजमाप हा क्रम घरातल्या कोणालाही लावता येतो.

यंत्र आतून कसे शिकते, हे मात्र मुलांनी एकदा तरी स्वतःच्या हाताने करून पाहावे. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना मी गूगलच्या विनामूल्य 'टीचेबल मशीन'वर आंब्याची आणि जांभळाची पाने ओळखणारे यंत्र तयार करायला दिले. मुलांनी दोन गट पाडून फोटो काढले, यंत्राला शिकवले आणि ते अचूक ओळखू लागले म्हणून टाळ्याही वाजवल्या. मग एका मुलीने आंब्याचे पान व्हरांड्यातल्या तांबड्या कोब्यावर ठेवले, तर यंत्र म्हणाले, जांभूळ. एका वात्रट मुलाने आपली चप्पल वर्तमानपत्रावर ठेवली, तर पडद्यावरची आंब्याच्या टक्केवारीची पट्टी जवळजवळ पूर्ण भरली! वर्गात हसून गोंधळ झाला, आणि तो ओसरल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "बाई, आंब्याचे सगळे फोटो आम्ही पेपरावर काढले होते." जांभळाचे सगळे कोब्यावर काढलेले होते. यंत्र पाने शिकलेच नव्हते, ते खालची जागा शिकले होते. शिवाय त्याला दोनच नावे दिलेली असल्यामुळे चप्पल पाहूनही 'मला माहीत नाही' असे म्हणण्याची सोय त्याच्याजवळ नव्हती. त्या दोन नावांतच १०० टक्के वाटून टाकणे त्याला भाग होते. हे फळ्यावर लिहून सांगितले असते, तर परीक्षेनंतर विसरले गेले असते.

निबंधाबद्दलही पालक विचारतात. मराठीच्या बाईंनी आणि मी मिळून एक पद्धत ठरवली आहे: पहिला मसुदा मुलाने स्वतःच्या हाताने लिहायचा, मग हवे तर यंत्राकडून त्यातल्या उणिवा काढून घ्यायच्या, आणि त्यांपैकी निदान एक सूचना कारण देऊन नाकारायची. आठवीतल्या एका मुलीने शिमग्यावर लिहिले होते. यंत्राने तिला रंग खेळण्याचे वर्णन वाढवायला सांगितले. "आमच्याकडे शिमग्यात पालखी घरोघरी येते, ते याला ठाऊकच नाही," असे तिने समासात रागाने लिहिले. त्या निबंधातली सर्वांत जिवंत ओळ तीच होती.

वयाचे म्हणाल, तर चॅटजीपीटीच्या स्वतःच्याच अटींनुसार ते १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही आणि १८ पूर्ण होईपर्यंत पालकांची संमती लागते. लहान मुलाने ते तुमच्या शेजारी बसूनच वापरावे, आणि त्यात त्याचे नाव, शाळा किंवा फोटो घालू नये.

पानांचे यंत्र यंदा मुले नव्याने करत आहेत. फोटो कोब्यावर, पेपरावर, तळहातावर, सगळीकडे काढून झाले आहेत आणि 'यांपैकी काही नाही' असा तिसरा गटही केला आहे. त्यात चप्पल सर्वानुमते गेली. फणसाचे पान त्या गटात घालायचे की त्याला स्वतःचा गट द्यायचा, यावरचा वाद मी वर्गातून निघेपर्यंत मिटलेला नव्हता.